६१७४ : देवळालीच्या एका शाळामास्तरांनी शोधलेला आकडा, ज्यातून कुठलाच नंबर सुटत नाही

टीव्हीवरचे क्विझ शो आपण सगळेच बघतो. हॉट सीटवरच्या माणसाच्या आधी उत्तर देण्याची घाई आपल्या प्रत्येकाला असते. पण आज ज्यांच्याबद्दल वाचणार आहोत, त्या माणसाने आयुष्यभर असे खेळ खेळले ज्यांचं उत्तर कुठल्याच सूत्रसंचालकाच्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं. ना बक्षीस, ना लाइफलाइन. हातात फक्त कागद आणि पेन्सिल.

त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पेशाने शाळामास्तर. आणि त्यांच्या नावाचा एक आकडा आज जगभरातल्या प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांना माहीत असतो : ६१७४.

चला, माणसाची ओळख करून घेण्याआधी त्यांचा खेळ खेळून बघू. मोबाईलमधला कॅलक्युलेटर उघडा.

आधी खेळ : एमएच १० ची कुठलीही नंबरप्लेट घ्या

समजा तुम्ही कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्यावर बसची वाट बघत उभे आहात. समोरून एक ट्रक गेला, एमएच १० ची पाटी आणि शेवटचे चार आकडे ४८२३. आता एवढंच करायचं :

१. चारही अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा : ८४३२
२. तेच अंक लहानाकडून मोठ्याकडे लावा : २३४८
३. मोठ्यातून लहान वजा करा : ८४३२ − २३४८ = ६०८४
४. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा.

आता पुढे बघा :

८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर पुन्हा करून बघा. ७६४१ − १४६७ = ६१७४. परत तेच! आकडा जागेवरून हलतच नाही.

दुसरी पाटी घ्या. तुमच्या जन्माचं साल घ्या. मित्राच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार अंक घ्या. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबणार. अट एकच : चारही अंक सारखे नकोत (१११११ वगैरेचा प्रश्नच नाही, पण ७७७७ सारखा नंबर घेतला तर वजाबाकी थेट शून्य). आणि एक काळजी घ्या, मधे तीनच अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे. म्हणजे २१११ घेतलं तर २१११ − १११२ = ९९९ येतं, ते ०९९९ असं धरायचं आणि पुढे ९९९० − ०९९९ करायचं. हे शून्य विसरलं की गणित चुकतं आणि मग लोक म्हणतात की हे काही खरं नाही.

या ६१७४ ला आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

कोण होते हे कापरेकर?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आता ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवा, पण त्या काळात पत्रिका मांडायची म्हणजे भरपूर आकडेमोड हाताने करावी लागायची. घरात सतत आकड्यांचा वावर. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनीच मुलाला वाढवलं, आणि वाढवता वाढवता आकड्यांची गोडीही लावली.

शाळा ठाण्यात झाली. लांबलचक गुणाकार झटपट कसा करायचा, भागाकाराला आडवाट कुठली, कोडं कसं सोडवायचं, यातच त्यांचं लक्ष असायचं. आज एखादं पोरगं रुबिक्स क्यूब घेऊन बसतं आणि कुणी हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही, तसाच प्रकार.

पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. ज्यांच्या नावाचं हे बक्षीस, ते र. पु. परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत 'सीनियर रँग्लर' झालेले पहिले भारतीय. कापरेकरांच्या हयातीत त्यांना मिळालेल्या मोजक्या मानांपैकी हा एक. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळाली आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, मार्गदर्शक नाही.

१९३० पासून ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवू लागले. आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत शिकवतच राहिले. ३२ वर्षं शाळामास्तर. दिवसा फळा आणि खडू, उरलेल्या वेळात आकडे.

लोकल स्टेशनवर सुचलेलं गणित

कापरेकरांना गणित कुठे सुचायचं? तर कुठेही. त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'डेमलो संख्या' असं नाव दिलं. हे नाव ऐकून वाटेल की कुणा युरोपियन गणितज्ञाचं असेल. तसं काही नाही! डेमलो हे जीआयपी रेल्वेचं मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजचं आपलं डोंबिवली. तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून नाव डेमलो.

त्यातला सर्वांत देखणा प्रकार असा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत नऊ एक घेतले की वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. चढत जातो आणि तसाच उतरतो. दहा एक घेतले की मात्र हातचा येतो आणि नक्षी बिघडते. ती का बिघडते हे कागदावर गुणाकार मांडून बघितलं तर दोन मिनिटांत कळतं. ज्यांना डोंबिवलीची गर्दी माहीत आहे, त्यांनी त्या स्टेशनावर उभं राहून गणित करण्याची कल्पना करून बघावी.

"हे काही खरं गणित नव्हे"

आता या गोष्टीतला अवघड भाग. कापरेकरांच्या कामाकडे त्या काळच्या बऱ्याच भारतीय गणितज्ञांनी फारसं लक्ष दिलं नाही. त्यांच्या दृष्टीने हे आकड्यांचे खेळ होते, गंभीर संशोधन नव्हे.

यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. विचार करा, ६१७४ हा आकडा आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून येतो. आपल्याला हाताला दहा बोटं आहेत, म्हणून आपले अंक ० ते ९. उद्या आपण आठ अंकांत मोजायला लागलो तर ६१७४ ची जादू संपली. मोठे गणितज्ञ अशा गोष्टींच्या मागे जातात ज्या मोजण्याची पद्धत बदलली तरी टिकतात. त्यामुळे त्यांना अंकांचे हे गुणधर्म वरवरचे वाटायचे.

मग कापरेकरांनी काय केलं? ज्या नियतकालिकांत जागा मिळेल तिथे लिहिलं. जिथे मिळाली नाही, तिथे स्वतः छोट्या पुस्तिका छापल्या. गणिताच्या परिषदांना जात राहिले. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर त्यांचा छोटा लेख आला.

म्हणजे आज कुणी यूट्यूब चॅनल काढतो आणि बघणारे मोजकेच असले तरी व्हिडिओ टाकत राहतो, तसं हे होतं. फरक एवढाच की कापरेकरांच्या काळात एक पुस्तिका छापायलाही मास्तरच्या पगारातून पैसे घालावे लागायचे.

पण ६१७४ च का? सोप्या भाषेत

इथे थोडं डोकं लावू. काळजी करू नका, आठवी-नववीचं गणित पुरे.

चार अंक घेतले आणि मोठ्याकडून लहानाकडे लावले. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. मोठी संख्या म्हणजे १०००अ + १००ब + १०क + ड. उलटी संख्या म्हणजे १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरतं :

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

नीट बघा. चार अंक कुठले होते याने काही फरक पडत नाही! फरक पडतो फक्त दोन गोष्टींनी : सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतलं अंतर, आणि मधल्या दोघांतलं अंतर.

पहिलं अंतर १ ते ९ मधलं काहीही असू शकतं. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा मोठं असूच शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + ४ + … + १० = ५४ होतात. बस, ५४!

म्हणजे ०००० ते ९९९९ मधले सारखे अंक असलेले १० नंबर वगळले तर ९,९९० नंबर उरतात. पण पहिली वजाबाकी झाली की ते सगळे फक्त ५४ नंबरांत जाऊन बसतात. आता हे ५४ नंबर एकेक करून तपासले की काम झालं. सगळे ६१७४ वर येतात. कापरेकरांच्या कोड्याचा पुरावा एका दुपारी वहीत लिहून काढता येतो, तो असा.

संगणकावर मोजलं तर आणखी एक मजा दिसते. ९,९९० पैकी सर्वांत जास्त, म्हणजे २,४०० नंबर ३ पायऱ्यांत पोचतात. पूर्ण ७ पायऱ्या लागतात असे नंबर २,१८४ आहेत. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ त्यातलंच, त्याला ७ पायऱ्या लागतात. परिषदेचं साल १९४९, त्यालाही ७.

मग तीन अंकी नंबरांचं काय? तिथे सगळे ४९५ वर येऊन थांबतात. दोन अंकींचं? तिथे एकच आकडा नाही, चक्र आहे : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. पाच अंकींतही एकच आकडा नाही. उदाहरणार्थ ७४९४३ पासून निघालात तर ६२९६४, ७१९७३, ८३९५२ करत परत ७४९४३ वर याल, जसं सिटी बस फिरून त्याच स्टँडवर येते.

कापरेकरांचे बाकीचे खेळ

लोक कापरेकरांना ६१७४ मुळे ओळखतात, पण त्यांनी आकड्यांची अख्खी जत्राच भरवली होती. काही नमुने :

*कापरेकर संख्या :* ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५! तसंच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. मोठ्यांत २९७ बघा, वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. तसंच ७०३.

*हर्षद संख्या :* ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद. हर्ष देणारी, म्हणून हर्षद. असं अस्सल नाव देणारा माणूस गणितात विरळाच. आता गंमत बघा. सांगलीचा पिन कोड ४१६४१६. अंकांची बेरीज २२. आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, बाकी शून्य! सांगली शहर हर्षद आहे. कुपवाडचा ४१६४३६ मात्र हुकतो : बेरीज २४, भाग दिला तर बाकी १२ उरते. रामानुजनची प्रसिद्ध १७२९ सुद्धा हर्षद आहे, कारण १ + ७ + २ + ९ = १९ आणि १९ × ९१ = १७२९.

या संख्यांना परदेशात पुष्कळदा 'निवेन संख्या' म्हणतात, कारण १९७७ साली आयव्हन निवेन या गणितज्ञाने एका परिषदेत त्यांच्यावर भाषण दिलं. पण त्याच्या कितीतरी आधी देवळालीत त्यांचं बारसं झालेलं होतं.

*स्वयंभू संख्या :* कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ + ५ = ६ मिळवले, आले २१. म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनकच नाही. करून बघा, १४ पासून १९ येतात, १५ पासून थेट २१. वीसला कुणीच जन्म देत नाही, म्हणून ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३… अशी ही यादी जाते. यांनाच त्यांनी आपल्या गावावरून 'देवळाली संख्या' असंही म्हटलं. उलट १०१ ला दोन जनक आहेत : ९१ आणि १००.

डोंबिवली आणि देवळाली, दोन्ही गावं गणिताच्या पुस्तकांत नेऊन बसवणारा हा एकच माणूस!

निवृत्तीनंतर

१९६२ साली नोकरी संपली. चार वर्षांनी, १९६६ साली पत्नीचं निधन झालं. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून त्यांनी घरी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. साठी उलटलेला माणूस, घरात एकटा, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या. पण आकडे सुटले नाहीत. स्वयंभू संख्यांवरची त्यांची पुस्तिका १९६३ ची, म्हणजे निवृत्तीनंतरची. १९७३ साली कोपर्निकसच्या जन्माला ५०० वर्षं झाली, तेव्हा त्यांनी त्या निमित्ताने एक जादूचा चौरसही तयार केला.

१९७५ : देवळालीचं नाव अमेरिकेत

मग आला मार्च १९७५. अमेरिकेत 'सायंटिफिक अमेरिकन' नावाचं मासिक, आणि त्यात मार्टिन गार्डनर यांचं गणिती कोड्यांचं सदर. हे सदर जगभर वाचलं जायचं. त्या महिन्यात गार्डनरनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं. कापरेकर तेव्हा ७० वर्षांचे होते. आयुष्यभर ज्या कामाला पोरखेळ म्हटलं गेलं, ते एका लेखाने जगभरच्या वाचकांपर्यंत पोचलं.

याच वर्षी, अगदी महिनाभर आधी, आणखी एक कोडं छापून आलं ज्याचा जन्म टीव्ही गेम शोमधून झाला होता. अमेरिकेत १९६३ पासून 'लेट्स मेक अ डील' नावाचा शो चालायचा, सूत्रसंचालक मॉन्टी हॉल. संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये एका नियतकालिकाला पत्र लिहून जे कोडं मांडलं, ते आज आपण असं सांगतो : तीन दारं. एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलं. गाडी कुठे आहे हे माहीत असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी बकरीचं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, दार बदलायचं का?

बहुतेकांना वाटतं, आता दोनच दारं राहिली, मग बदललं काय आणि नाही काय. पण बदललं तर जिंकण्याची शक्यता ३ पैकी २ असते. कारण तुमचं पहिलं दार चुकीचं असण्याची शक्यता मुळातच ३ पैकी २ होती, आणि तसं असेल तेव्हा सूत्रसंचालक तुम्हाला गाडीचंच दार शिल्लक ठेवून देतो.

मग हेच आपल्या करोडपती शोच्या ५०-५० लाइफलाइनला लागू होतं का? नाही. तिथे संगणक चारपैकी दोन चुकीचे पर्याय काढतो, पण तुमच्या मनात कुठला पर्याय आहे हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे तुम्ही निव्वळ अंदाजाने मनात धरलेला पर्याय उरला असेल तर तो बरोबर असण्याची शक्यता निम्मीच, बदलून फायदा शून्य. खेळ सारखे दिसतात, पण कुणाला काय माहीत आहे यावर सगळं ठरतं.

क्विझ आणि कोडं, फरक काय?

कापरेकर १९८६ साली देवळालीत वारले. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं होतं, आणि सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' हा कार्यक्रम १९८५ मध्ये. म्हणजे टीव्हीवर क्विझचं वेड लागत होतं, तेव्हा कापरेकर शेवटच्या दिवसांत होते. 'कौन बनेगा करोडपती' आलं २००० साली, आणि मराठीत 'कोण होईल मराठी करोडपती' २०१३ ला.

क्विझमध्ये उत्तर आधीच कुणाला तरी माहीत असतं. तुम्हाला आठवलं की जिंकलात. आता तर ते उत्तर मोबाईलवर दोन सेकंदांत मिळतं. कोड्यात तसं नसतं. कापरेकरांनी पहिल्यांदा नंबर उलटसुलट करून वजा केले, तेव्हा पुढे काय निघणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रश्नही त्यांचाच आणि उत्तरही.

परदेशातल्या काही टीव्ही शोमध्ये हा कापरेकरी बाणा थोडाफार दिसतो. ब्रिटनमध्ये १९८२ पासून 'काउंटडाउन' नावाचा शो चालतो. त्यात सहा आकडे देतात, 'सीसिल' नावाचं यंत्र तीन अंकी लक्ष्य दाखवतं, आणि ३० सेकंदांत बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून ते गाठायचं. पाठांतराला तिथे वाव नाही.

टेक कनेक्शन : ६१७४ म्हणजे आकड्यांचा भोवरा

तुम्ही मोबाईलवर लुडो खेळता तेव्हा फासा कसा पडतो? ॲपला 'यादृच्छिक' म्हणजे अंदाज न येणारे आकडे बनवावे लागतात. १९४० च्या दशकात संगणकाचे एक जनक जॉन फॉन नॉयमन यांनी त्यासाठी एक साधी पद्धत सुचवली : चार अंकी नंबर घ्या, वर्ग करा, मधले चार अंक उचला, पुन्हा तेच. उदाहरणार्थ ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, मधले अंक ११८२.

दिसायला छान, पण यात धोका तोच जो कापरेकरांना आनंद देत होता! आकडे कधीतरी भोवऱ्यात सापडतात. ६१०० आला की पुढे २१००, ४१००, ८१०० आणि परत ६१००. फासा असा अडकला तर चौथ्या डावानंतर तुम्हाला पुढचा आकडा आधीच कळेल. म्हणून आजची ॲप खूप वेगळ्या, भक्कम पद्धती वापरतात. एकच पायरी पुन्हा पुन्हा केली की आकडे कुठे जाऊन अडकतात, हा प्रश्न कापरेकरांसाठी खेळ होता आणि संगणकवाल्यांसाठी डोकेदुखी.

मोबाईलवर स्वतः करून बघा

प्रोग्रामिंग शिकत असाल तर हा पहिला सराव म्हणून उत्तम आहे. पायऱ्या अशा :

१. ० ते ९९९९ पर्यंत प्रत्येक नंबर घ्या, पुढे शून्य लावून चार अंक करा.
२. चारही अंक सारखे असतील तर सोडून द्या.
३. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा.
४. ६१७४ येईपर्यंत पायऱ्या मोजा.
५. शेवटी कुठल्या पायरीला किती नंबर आले ते छापा.

पायथॉन चालवणारं कुठलंही फुकट ॲप पुरतं. कोड पंधराएक ओळींचा होतो आणि उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. सात पायऱ्यांसमोर २,१८४ आले तर तुमचा कोड बरोबर. नाही आले तर पुढचं शून्य विसरला आहात का ते बघा.

थोडक्यात प्रश्नोत्तरं

*कापरेकर कुठले?* जन्म डहाणू, शाळा ठाणे, कॉलेज पुणे, आणि नोकरीपासून शेवटपर्यंत देवळाली.

*६१७४ चा काही व्यावहारिक उपयोग आहे का?* थेट असा नाही. पण एकच क्रिया वारंवार केल्यावर काय होतं, हे समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण सापडणं कठीण.

*६१७४ हा शुभ आकडा आहे का?* नाही. कुणी या आकड्याच्या नावाने लकी नंबर विकत असेल तर लांब राहा. वजाबाकी कुणालाही करता येते आणि ती फुकट आहे.

*एटीएम पिन म्हणून ६१७४ ठेवू का?* मुळीच नको. आता हा लेख वाचलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे.

*नवीन काही शोधायला शिल्लक आहे का?* अंक बदला, पायरी बदला, वजाबाकीऐवजी दुसरं काही करून बघा. कापरेकर एवढंच करत होते. त्यांच्याकडे पेन्सिल होती, तुमच्या खिशात दर सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करणारा फोन आहे. समोरून पुढचा ट्रक येतोच आहे, त्याच्या पाटीवरून सुरुवात करा.